सम्राटाचे सरदार त्याला नेमकं काय देणं लागत होते? (पवित्र रोमन साम्राज्य)

मुळशीकर (धागाकर्ता)

सध्या रात्री जागून मध्ययुगीन युरोपवरचा एक स्ट्रॅटेजी गेम खेळतोय. त्यात तुम्ही जर्मनीचे सम्राट झालात की खालचे ड्यूक, काउंट, बिशप आपोआप ठरलेल्या टक्केवारीने कर भरतात आणि ठरलेल्या टक्केवारीने सैन्य पाठवतात. पडद्यावर एक पट्टी असते. ती उजवीकडे ओढली की वसुली वाढते, जास्तच ओढली की बंड होतं.

खेळायला मजा येते, पण पटत नाही. पवित्र रोमन सम्राटाला धड राजधानी नव्हती, खडं सैन्य नव्हतं, मामलेदार-तलाठी तर नव्हतेच. मग आल्प्सपलीकडे मोहीम काढायची म्हटल्यावर सॅक्सनीच्या ड्यूकने का म्हणून घोड्यावर बसायचं? माझा अंदाज असा की ही सगळी कर्तव्यं कागदावरची होती. ज्याला वाटेल तो यायचा, बाकीचे आजारी पडायचे. शाळेत पिरॅमिडचं चित्र काढून मार्क मिळवले, त्यापलीकडे मला काही येत नाही. जाणकारांनी लिहावं. इंग्लंड-फ्रान्सबद्दल भरपूर वाचायला मिळतं, मला जर्मन-इटालियन बाजूचं हवंय.

शेंगदाणा

जागा धरून ठेवतो. दफ्तरदार आले की वाचायला येईन.

दफ्तरदार

आलो. :)

कर हा भाग आधी डोक्यातून काढून टाका. सरदाराने सम्राटाला दरसाल ठरावीक रोकड भरायची, अशी पद्धत बाराव्या-तेराव्या शतकात तिकडे नव्हती. जहागिरीच्या बदल्यात सेवा, असा मामला. बोलावलं की सैन्य घेऊन जायचं, आणि बोलावलं की दरबारात हजर राहून सल्ला द्यायचा, न्यायनिवाड्याला बसायचं. या दोन गोष्टींभोवती बाकी सगळं फिरतं.

पण 'कागदावरची' म्हणाल तर कागद तरी बघा किती काटेकोर आहे. आइके फॉन रेपगाऊ नावाच्या माणसाने साधारण १२२० ते १२३५ च्या दरम्यान सॅक्सनीतल्या रूढी-कायद्याचं संकलन केलं, 'झाक्सनश्पीगेल'. त्यात जहागिरीच्या कायद्याचा स्वतंत्र भाग आहे. मांडलिकाने सहा आठवडे स्वतःच्या खर्चाने चाकरी करायची. त्याआधीचे सहा आणि नंतरचे सहा आठवडे त्याला दुसरी चाकरी लावायची नाही. साले नदीच्या पूर्वेकडे ज्यांच्या जहागिरी, त्यांनी वेंड (स्लाव्ह लोक), पोल आणि बोहेमियन यांच्याविरुद्धच्या मोहिमांना जायचं.

रोमची स्वारी हे वेगळंच प्रकरण. जर्मन राजाला सम्राट म्हणवून घ्यायचं तर पोपच्या हातून मुकुट घ्यावा लागे, आणि त्यासाठी सैन्यासकट रोम गाठावं लागे. या स्वारीची वर्दी एक वर्ष, सहा आठवडे आणि तीन दिवस आधी द्यायची. मुकुट डोक्यावर चढला की मांडलिक मोकळा, परतीचा प्रवास ज्याचा त्याने बघावा. आणि जो जाणार नाही त्याने जहागिरीच्या वार्षिक उत्पन्नाचा दहावा हिस्सा भरायचा. म्हणजे पैसा आहे, पण तो कर नव्हे, गैरहजेरीची भरपाई.

तिरकस

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. म्हण इकडची, अंमलबजावणी तिकडची.

बाकी नदीचं नाव आवडलं.

जुना मावळा

मुळशीकर, 'ज्याला वाटेल तो यायचा' हे साफ चूक आहे. ११५४ मध्ये जर्मन राजा (पुढे सम्राट) फ्रेडरिक बार्बारोसा पहिल्यांदा इटलीत उतरला तेव्हा पिआचेन्झाजवळ रोंकालियाच्या मैदानात तळ पडला. तिथली प्रथा अशी की एका उंच खांबावर ढाल टांगायची आणि भालदाराने सगळ्या मांडलिकांना पुकारा करून पहिल्या रात्रीच्या पहाऱ्याला बोलवायचं. मग प्रत्येक सरदार आपापल्या मांडलिकांना तसंच बोलावणार. जो परवानगीशिवाय घरी राहिला त्याची जहागीर गेली. हे सगळं फ्रायझिंगचा बिशप ओटो लिहून गेलाय, आणि तो सम्राटाचा सावत्र काका होता. त्याच वर्षी ब्रेमेनचा आर्चबिशप हार्टविग आणि हाल्बरश्टाटचा बिशप उलरिख आले नाहीत म्हणून त्यांच्याकडची राज्याची मालमत्ता काढून घेतली. आजारपणाचा दाखला चालला नाही.

रानवाट

दोन्ही उदाहरणं बिशपांची आहेत हे लक्षात घ्या. चर्चवाल्यांवर कारवाई करणं सोपं होतं, त्यांना मुलंबाळं नसत, वारसाहक्क नसे. ड्यूकला हात लावताना सम्राट दहा वेळा विचार करायचा.

आणि लढायला तरी कोण जायचं? ९८१ च्या सुमाराची एक यादी आहे. सम्राट ओटो दुसरा इटलीत होता आणि त्याने जर्मनीतून जादा कुमक मागवली, तिचा हिशोब. एकूण दोन हजारांच्या थोडे वर चिलखती घोडेस्वार. माइन्झ आणि कोलोनचे आर्चबिशप प्रत्येकी शंभर, स्ट्रासबुर्ग आणि आउग्सबुर्गचे बिशप प्रत्येकी शंभर, मग मठाधिपती वगैरे. यादीतला मोठा वाटा चर्चचा, ड्यूक-काउंट मंडळींचा बराच कमी. पुढच्या वर्षी, जुलै ९८२ मध्ये, दक्षिण इटलीत अरबांशी लढताना या सैन्याची दाणादाण उडाली. आउग्सबुर्गचा बिशप हेन्री तिथेच पडला. सम्राट स्वतः समुद्रात पोहत जाऊन एका ग्रीक जहाजावर चढला म्हणून वाचला.

शेंगदाणा

बिशप चिलखत घालून लढायला जातो हेच डोक्यात शिरत नाहीये.

रानवाट

सगळेच तलवार चालवत नसत, पण पथक घेऊन जाणं त्यांना चुकत नसे. बिशपाकडे दोन गोष्टी असत: धर्माचं पद आणि राज्याची मालमत्ता (जमिनी, जकात, नाणी पाडायचा हक्क). ११२२ च्या वर्म्सच्या करारानंतर दुसरा भाग सम्राट राजदंड हातात देऊन बहाल करायचा. ड्यूक वगैरेंना निशाण देऊन. त्या मालमत्तेपोटी चाकरी.

पोटोबा

माझा नेहमीचा प्रश्न. सम्राटाला राजधानी नव्हती म्हणता, मग तो जेवायचा कुठे?

दफ्तरदार

पोटोबा, हा खरं तर उत्तम प्रश्न आहे. तो जेवत जेवतच राज्य करायचा. शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर. काही मुक्काम स्वतःच्या खासगी मालमत्तेवर, काही बिशपांच्या शहरांत आणि मोठ्या मठांत. राजा आला की त्याची बडदास्त ठेवणं हे बिशप आणि मठांचं बंधनच होतं. ड्यूकच्या वाड्यावर जाऊन हक्काने पंगत झोडायची पद्धत मात्र फारशी नव्हती.

बाराव्या शतकातली राजाच्या खासगी मालमत्तेची एक यादी आहे, तिच्यात सॅक्सनीतल्या 'एका सेवे'चं सामान दिलंय: ३० मोठी डुकरं, ३ गायी, ५ डुकराची पिल्लं, ५० कोंबड्या, ५० अंडी, ९० चीज, १० बदकं (खरं तर हंसाच्या जातीची, गूस), ५ गाड्या बिअर, ५ पौंड मिरी, १० पौंड मेण, शिवाय तळघरातली वाइन. हे सरदारांनी द्यायचं नव्हतं, राजाच्या स्वतःच्या शेतांवरून यायचं. पण एका मुक्कामाला काय लागत असेल याचा अंदाज येतो.

पोटोबा

५० कोंबड्यांना ५० अंडी. हिशोबात कोणीतरी कोंबडी मारली आहे.

५ पौंड मिरी मात्र जबरदस्त. ती मलबारातूनच गेली असणार ना?

दफ्तरदार

हो. मलबार, तांबडा समुद्र, इजिप्त, मग व्हेनिससारख्या बंदरांतून आल्प्सपलीकडे. दर टप्प्यावर जकात. म्हणून तर ती डुकरांच्या यादीत मेणाच्या शेजारी वजनावर मोजून येते.

इनामदार वाडा

एवढा खल कशाला? सरळ आपल्याकडचे सरंजामदार घ्या. मुलूख नेमून द्यायचा, सरदाराने पथकं पाळायची, स्वारीला हजर राहायचं. तेच ते.

दफ्तरदार

वरवर तसंच दिसतं. पण सरंजाम म्हणजे मुख्यतः फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेला महसूल, आणि तत्त्वतः तो धन्याला काढून घेता येई. व्यवहारात काय झालं तो वेगळा विषय. तिकडे उलट १०३७ मध्येच सम्राट कॉनराड दुसरा मिलानला वेढा घालून बसला असताना त्याने इटलीतल्या छोट्या मांडलिकांसाठी कायदा केला: बरोबरीच्या मांडलिकांनी निवाडा केल्याशिवाय कुणाची जहागीर काढायची नाही, आणि ती मुलाकडे जाईल. म्हणजे धन्याचा हात सुरुवातीपासून बांधलेला. ही 'बरोबरीच्यांनी निवाडा' वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सरंजामावर वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे.

सई_ब्राउनश्वाइग

मी ब्राउनश्वाइगमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर हेन्री द लायनचं नाव अजून आलं नाही याचंच नवल वाटतंय! आमच्या बुर्गप्लाट्झवर त्याचा ब्राँझचा सिंह उभा आहे, ११६६ च्या सुमारास त्याने स्वतः उभारलेला. चौकातली आता प्रतिकृती आहे, मूळ सिंह शेजारच्या वाड्यात संग्रहालयात. समोरच्या कॅथीड्रलमध्ये तो आणि त्याची बायको माटिल्डा यांची समाधी. इथे त्याला हिरोच मानतात.

हा बार्बारोसाचा मामेभाऊ. सॅक्सनी आणि बव्हेरिया अशा दोन डची (ड्यूकच्या जहागिरी) एकाच माणसाकडे. म्युनिक त्याने वसवलं, ल्यूबेक नव्याने उभं केलं. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा जावई. म्हणजे सम्राटाच्या खालोखाल तोच.

१०७६ नव्हे, ११७६ (टायपो व्हायच्या आत लिहिते, नवरा नेहमी शंभर वर्षांची गल्लत करतो). बार्बारोसा लोम्बार्डीतल्या शहरांशी लढतोय, सैन्य अपुरं पडतंय. कोमो सरोवराच्या उत्तरेला कियावेन्ना इथे त्याने हेन्रीची भेट घेतली आणि मदत मागितली. हेन्री म्हणाला, गोस्लार द्या, मग येतो. गोस्लार म्हणजे रामेल्सबेर्गच्या चांदीच्या खाणी, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. सम्राटाने नकार दिला. पुढच्या पिढीतल्या बखरकारांनी तर लिहिलंय की सम्राटाने त्याच्यासमोर गुडघे टेकले. २९ मे ११७६ ला लेन्यानोला सम्राटाचा पराभव झाला.

मुळशीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. एवढा मोठा सम्राट, आणि विनवणी करावी लागली.

तिरकस

'हेन्री सिंह' म्हटलं की राजपुतान्यातला कुणी संस्थानिक असावा असं वाटतं. हलके घ्या.

जुना मावळा

सईताई, हिरो कसला? ज्याने बव्हेरियाची डची दिली त्याच्या अडचणीच्या वेळी खाणीचा सौदा करायचा? पुढे काय झालं तेही लिहा. चार वर्षांत सगळं गमावलं. बव्हेरिया विटल्सबाखच्या ओटोला मिळालं आणि त्या घराण्याने ते १९१८ पर्यंत सोडलं नाही. सॅक्सनीचे दोन तुकडे. हेन्री इंग्लंडला सासऱ्याकडे. चाकरी चुकवली, जहागीर गेली. रोंकालियाचाच नियम, फक्त मासा मोठा.

अर्धवट वकील

थांबा थांबा. इथेच सगळ्यांची गाडी घसरते.

हेन्रीवरच्या खटल्याचा निकाल आपल्याकडे जवळजवळ मुळातूनच आहे: १३ एप्रिल ११८० ची गेल्नहाउझेनची सनद. सॅक्सनीची वाटणी करणारी. तिच्यात आरोप वाचा. हेन्रीने चर्चचं आणि साम्राज्यातल्या सरदारांचं स्वातंत्र्य दडपलं, त्यांच्या जमिनी बळकावल्या, त्यांचे हक्क कमी केले. मग बोलावणं पाठवलं, तो आला नाही. मग जहागिरीच्या कायद्याप्रमाणे रीतसर तीनदा बोलावलं, तरी आला नाही. म्हणून सम्राटाचा अवमान केला असं ठरवून सरदारांनी निकाल दिला. कियावेन्नाचा उल्लेख नाही. लेन्यानोचा नाही. 'सैन्य पाठवलं नाही' हा आरोपच नाही!

आणि का नाही? कारण कियावेन्नाला जे मागितलं ती रोमच्या राज्याभिषेकाची स्वारी नव्हती. बार्बारोसाचा मुकुट ११५५ मध्येच झाला होता. वर दफ्तरदारांनी दिलेला नियम लावा: मुकुट चढला, मांडलिक मोकळा. वर्षभराची वर्दीही नाही, ऐन वेळची कुमक मागितली होती. त्या मदतीला हेन्री कायद्याने बांधलेला होता की नाही याबद्दल शंकेला भरपूर जागा आहे. म्हणून तर विनवणी!

जुना मावळा

वकीलसाहेब, कागदावर खरं कारण कधी लिहितात का? आधीची वीस वर्षं याच हेन्रीविरुद्ध शेजारी सरदार तक्रारी करत होते आणि सम्राट दरवेळी भावाची बाजू घेत होता. ११७६ नंतर अचानक त्या तक्रारी ऐकू यायला लागल्या. कियावेन्ना झालं नसतं तर खटलाच उभा राहिला नसता.

शिवाय तुमचा तो सहा आठवडे-तीन दिवसांचा नियम हेन्रीच्या खटल्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिला गेलाय. तो मागे नेऊन लावता येतो का?

अर्धवट वकील

दुसरा मुद्दा मान्य, आइकेने लिहिलं ते त्याच्या काळातलं आणि त्याच्या प्रांतातलं. पण तारीख बाजूला ठेवली तरी सनद सनदच आहे. सम्राटाकडे 'चाकरी चुकवली' हा धडधडीत आरोप हातात असता तर त्याने तो लिहिला असता. नाही लिहिला.

रानवाट

तुम्ही दोघं भांडताय त्यात एक गोष्ट निसटतेय. हेन्री कशामुळे बुडाला? सैन्य दिलं नाही म्हणून नव्हे, दरबारात *आला नाही* म्हणून. आपण सगळे लष्करी चाकरीलाच खरी चाकरी धरतो आणि हजेरी म्हणजे शोभेची गोष्ट समजतो. माझ्या मते उलटं आहे. दरबारात जाणं म्हणजे तुमच्यावरचा अधिकार सर्वांसमोर मान्य करणं. तिथे बरोबरीचे सरदार न्यायाधीश म्हणून बसणार आणि त्यांचा निकाल तुम्हाला लागू. सम्राट एकटा काही करू शकत नव्हता; पण सरदारांना एकत्र बसवून त्यांच्याकडून निकाल घेऊ शकत होता. आणि त्या सरदारांना निकालातून काय मिळणार हेही बघा. वेस्टफालिया मिळालं कोलोनचा आर्चबिशप फिलिप याला, जो हेन्रीचा हाडवैरी. उरलेली सॅक्सनी आनहाल्टच्या बर्नहार्डला. बार्बारोसाने स्वतःकडे काहीच ठेवलं नाही. पूर्वी शिकवायचे की जप्त केलेली जहागीर वर्षभरात परत कुणाला तरी द्यायचीच असा कायदा होता. हल्लीचे अभ्यासक तसं मानत नाहीत. साधी गोष्ट अशी की वाटा दिला नसता तर न्यायाधीश जमलेच नसते.

हजेरी किती नाजूक बाब होती त्याचा नमुना म्हणजे माइन्झचा दरबार, ११८४ चा पेंटेकोस्टचा सण. सम्राटाच्या दोन मुलांना नाइट करायचा सोहळा, साम्राज्यातले सगळे बडे लोक हजर. आणि सम्राटाच्या डाव्या हाताला कोण बसणार यावरून फुल्डाचा मठाधिपती आणि कोलोनचा आर्चबिशप (हाच तो फिलिप!) यांच्यात जुंपली. फिलिप आपली माणसं घेऊन निघून जायला उठला. शेवटी मठाधिपतीला खाली बसावं लागलं. ज्याच्यावर एवढं मोठं साम्राज्य अवलंबून, तो सम्राट पाहुण्यांच्या खुर्च्या सोडवत बसला होता.

तिरकस

लग्नात मुलाच्या काकांना फेटा मिळाला नाही की हेच होतं.

विठाई

लष्करी बाजूबद्दल थोडं. लोक जायला नाखूश का असायचे याचं एक कारण रोग. ऑगस्ट ११६७ मध्ये बार्बारोसाने रोम जिंकलं आणि काही दिवसांतच सैन्यात साथ आली. कोलोनचा आर्चबिशप आणि सम्राटाचा उजवा हात राइनाल्ड फॉन दासेल गेला. स्वाबियाचा ड्यूक फ्रेडरिक गेला, वेल्फ सातवा गेला. घराणी संपली. नऊ वर्षांनी परत 'इटलीला चला' म्हटल्यावर कुणाच्या अंगावर काटा आला असेल तर नवल नाही. मी डॉक्टर आहे, मी तर सरळ दहावा हिस्सा भरून मोकळी झाले असते.

अर्धवट वकील

विठाई, तुमच्यासारखा विचार करणारे बरेच होते, आणि त्यांनी तो लेखी करून घेतला. मला वाटतं सरदारांची कर्तव्यं समजून घ्यायची असतील तर *सवलतीच्या सनदा* वाचाव्यात. ज्यातून सुटका मागितली, तेच खरं डाचत होतं.

१७ सप्टेंबर ११५६, रेगन्सबुर्ग. बव्हेरिया हेन्री द लायनला द्यायचं होतं, पण ते होतं हेन्री यासोमिरगॉटकडे. त्याची समजूत घालायला ऑस्ट्रियाची वेगळी डची करून त्याला दिली, आणि वर सवलती. ऑस्ट्रियाच्या ड्यूकने दरबाराला फक्त तेव्हाच यायचं जेव्हा तो बव्हेरियात भरेल. मोहिमेला फक्त ऑस्ट्रियाला लागून असलेल्या प्रदेशांत जायचं. संपलं. इटली नाही, रोम नाही.

१२१२, बोहेमियाचा राजा ओटाकार पहिला. तरुण फ्रेडरिक दुसऱ्याला पाठिंब्याची गरज होती. सनद अशी: बोहेमियाच्या राजाने बामबेर्ग, न्यूर्नबेर्ग किंवा मेर्सेबुर्ग इथल्या दरबारालाच यावं, तिघंही त्याला सोयीचे. रोमच्या राज्याभिषेकासाठी ३०० सशस्त्र माणसं द्यावीत किंवा ३०० मार्क चांदी. कोणतं ते राजाच्या मर्जीवर.

रानवाटच्या मुद्द्याला पुष्टीच म्हणा. दोन्ही ठिकाणी दरबाराची हजेरी कुठवर, हे आधी ठरवून घेतलंय.

शेंगदाणा

म्हणजे एका सैनिकाची किंमत एक मार्क?

अर्धवट वकील

सनदेचा भाव तोच. त्या पैशात सैनिक खरोखर मिळाला असता का, हा वेगळा प्रश्न.

आता यातला खरा नग. दोनशे वर्षांनी, १३५८-५९ मध्ये, ऑस्ट्रियाचा ड्यूक रुडॉल्फ चौथा याला वाटलं की ११५६ च्या सवलती कमी पडतात. मग त्याच्या कचेरीत जुन्या सनदा 'सापडल्या'. बनावट सनदेत ऑस्ट्रियाचं लष्करी कर्तव्य काय? हंगेरीविरुद्ध बारा माणसं, एक महिना, आणि तेही नाममात्र मान म्हणून. सोबत ज्युलियस सीझर आणि नीरो यांची ऑस्ट्रियाला सवलती देणारी पत्रं! सम्राट चौथ्या कार्लने ती इटालियन कवी-विद्वान पेत्रार्ककडे पाठवली, आणि पेत्रार्कने त्यांची पिसं काढली. पण गंमत पुढेच. १४५३ मध्ये रुडॉल्फच्याच हाब्सबुर्ग घराण्यातला फ्रेडरिक तिसरा सम्राट होता. त्याने या खोट्या सनदा अधिकृतपणे मंजूर केल्या. घरचाच सम्राट, घरचीच सनद.

तिरकस

नीरोने ऑस्ट्रियाला सातबारा दिला! या ओळीसाठी धागा वाचनखुणांत.

पोटोबा

मी कुठेतरी वाचलं होतं की सम्राटाच्या ताटात मोठमोठे राजे वाढायचे. ते खरं की अतिशयोक्ती?

दफ्तरदार

खरं आहे, आणि जुनं आहे. ९३६ मध्ये आखेनला ओटो पहिल्याचा राज्याभिषेक झाला तेव्हा चार ड्यूकांनी घरगड्याची कामं वाटून घेतली: लोथारिंगियाच्या गिझेलबेर्टने एकंदर व्यवस्था, फ्रँकोनियाच्या एबरहार्डने वाढप, स्वाबियाच्या हेरमानने मद्य, बव्हेरियाच्या आर्नुल्फने घोडे आणि तळ.

पुढे १३५६ च्या सुवर्णसनदेत चौथ्या कार्लने हे सगळं कायद्यात बसवलं. राजा निवडणारे सात निर्वाचक, तीन आर्चबिशप आणि चार लौकिक. सॅक्सनीच्या ड्यूकने काय करायचं बघा: सम्राटाच्या बसण्याच्या जागेसमोर ओट्सचा ढीग घालायचा, घोड्याच्या छातीपट्ट्यापर्यंत पोहोचेल एवढा उंच. ड्यूकने घोड्यावरून यायचं, हातात चांदीची काठी आणि चांदीचं माप, दोन्ही मिळून बारा मार्क वजनाचं. माप भरून ओट्स समोर येईल त्या नोकराला द्यायचे आणि काठी ओट्समध्ये खोचून निघून जायचं. मग पाप्पेनहाइमच्या मार्शलने उरलेले ओट्स वाटायचे. ब्रांडेनबुर्गने हात धुवायला पाणी आणायचं, ऱ्हाइनच्या पॅलाटिन काउंटने चांदीच्या चार ताटांत जेवण, बोहेमियाच्या राजाने पाणी घातलेल्या वाइनचा पेला. सम्राटाचं टेबल बाकीच्यांपेक्षा सहा फूट उंच.

पोटोबा, तुमच्यासाठी अजून एक कलम: निर्वाचकांनी तीस दिवसांत नवा राजा निवडला नाही तर पुढे फक्त पाव आणि पाणी.

पोटोबा

आपल्याकडच्या सगळ्या बैठकांना हे कलम लावा.

मुळशीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नापाशी परत येतो. म्हणजे माझ्या गेममधली पट्टी चुकीची आहे ती अशासाठी की सगळ्यांना एकच पट्टी आहे. खरं तर प्रत्येक सरदाराशी वेगळा करार हवा: ऑस्ट्रिया बव्हेरियात आलं तरच हजर, बोहेमिया ३०० माणसं किंवा ३०० मार्क, ब्रेमेनचा बिशप आला नाही तर मालमत्ता जप्त, आणि सॅक्सनीसमोर विनवणी. आणि कुणाला शिक्षा करायची तर शेजाऱ्यांना वाटा द्यायचा. बरोबर पकडलं का?

मग सगळ्यांना सारखी टक्केवारी कधीच आली नाही का?

रानवाट

बरोबर पकडलंत. एक जोडा: सरदाराच्या बाजूनेही मर्यादा होती. झाक्सनश्पीगेल स्पष्ट म्हणतं की राजा किंवा न्यायाधीश अन्याय करत असेल तर त्याला विरोध करावा, त्याने निष्ठाभंग होत नाही. गेममध्ये बंडाला दंड आहे; आइकेच्या पुस्तकात काही बंडांना परवानगी आहे.

दफ्तरदार

टक्केवारी नाही, पण कोष्टक आलं, मध्ययुग संपताना. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सगळ्या संस्थानांची यादी केली: कुणी किती स्वार, किती पायदळ द्यायचं. एकूण सुमारे ४,००० स्वार आणि २०,००० पायदळ. ठरलं होतं पाचव्या कार्लच्या रोमच्या स्वारीसाठी. पुढे माणसांऐवजी पैसे घ्यायला लागले. स्वाराला महिना १२ गुल्डन, पायदळाला ४, म्हणजे सगळ्यांचा मिळून महिन्याला १,२८,००० गुल्डन. या रकमेला 'रोमचा महिना' हेच नाव पडलं आणि सम्राट तुर्कांविरुद्ध लढायला 'इतके महिने' मागायला लागला. रोमला जाणं थांबलं तरी हिशोब रोमच्या स्वारीचाच. साम्राज्य १८०६ मध्ये बुडेपर्यंत त्या यादीवर वाद चालू होते, आमचा आकडा जास्त लावलाय म्हणून.

जुना मावळा

वकीलसाहेब, कियावेन्नाचं अजून पटलेलं नाही. सवडीने लिहितो.

अर्धवट वकील

लिहा. मी गेल्नहाउझेन घेऊन बसलोय.

सई_ब्राउनश्वाइग

दोघांनाही ब्राउनश्वाइगला यायचं आमंत्रण. भांडण सिंहाखाली करा.

शेंगदाणा

सगळं वाचलं. एकच शंका. सगळे सम्राटाची चाकरी करतात, मग सम्राट कुणाची चाकरी करायचा की नाही?

रानवाट

करायचा, पण त्यावरूनही भांडण. जून ११५५ मध्ये सुत्रीला पोप एड्रियन चौथा आणि बार्बारोसा भेटले. प्रथा अशी की राजाने पोपच्या घोड्याचा लगाम धरून चार पावलं चालायचं आणि उतरताना रिकीब धरायची. बार्बारोसाने धरली नाही. घाबरून कार्डिनल पळून गेले. पोपनेही शांतीचं चुंबन नाकारलं. मग जुने दाखले काढले, म्हातारे सरदार साक्षीला बोलावले, त्यांनी सांगितलं की हो, पूर्वीच्या राजांनी केलंय. शेवटी सगळा सोहळा परत केला आणि बार्बारोसाने रिकीब धरली. आठवडाभरात मुकुट मिळाला.

आइकेने हेही लिहून ठेवलंय, अगदी पहिल्याच कलमात. पोप पांढऱ्या घोड्यावर बसताना सम्राटाने रिकीब धरावी. कारणही दिलंय: खोगीर फिरू नये म्हणून.